पुढचं डावं चाक

"ब्रेकला पाय लावलास?" गाडी दारात थांबताच बाबांनी विचारलं.

"नाही हो. फाटकापासून वेग आपोआप मरू दिला. तुम्ही सांगितलंत तस्संच," लेक उतरत म्हणाली.

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाची ही पद्धत होती. मोकळ्या रस्त्यावर होता होईल तो ब्रेक न दाबता दहा किलोमीटर गाडी फिरवून आणायची, आणि मग एकेक चाक हाताने बघायचं. ब्रेक कुठे धरून राहत असेल तर ते चाक तापलेलं सापडतं. उद्या लेक घाटाचा एवढा मोठा उतार उतरून आपल्या घरी निघणार होती. एकटीच, मागच्या सीटवर आठ महिन्यांचं बाळ. गाडी ओढल्यासारखी चालते, असं ती काल सहज बोलून गेली आणि बाबांचं जेवणातलं लक्ष उडालं.

"छोटू, बघ, आजोबा गाडीला ताप आलाय का बघतायत!" बाळाला कडेवर घेऊन खिडकीत उभी असलेली तिची आई म्हणाली.

"मागची दोन्ही ठीक," बाबा उठले. "पुढचं उजवं ठीक." मग पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या जाळीतून दोन बोटं आत घालून त्यांनी ब्रेकच्या डिस्कवर टेकवली. "हेही ठीक. जा बिनधास्त, वॉशर."

वॉशर हे तिचं लहानपणापासूनचं नाव. ती हसत त्यांच्या शेजारी वाकली आणि तिच्या गालाला धग लागली.

"बाबा, हात काढा! हात!"

तिनेच मनगट धरून हात ओढला. दोन्ही बोटांची टोकं पांढरी पडली होती. बाबा त्या बोटांकडे दुसऱ्या कुणाची असावीत तसे बघत राहिले.

तिने बागेचा नळ सोडून त्यांचा हात धारेखाली धरला.

"कधीपासून?"

"तुझं बाळ झालं त्या सुमारास. साखरेने बोटं अशी बधिर होतात म्हणे. त्या गडबडीत कोण सांगत बसणार?"

"म्हणून बाळाच्या अंघोळीचं पाणी बघा म्हटलं की पळता होय? आणि मी आईला म्हणत होते, बाबांना नातवाचं काही करायला नको."

"मग काय करू? कढत पाण्याला कोमट म्हणालो असतो तर?"

"आणि चाकाला म्हणालात ते?"

बाबांनी मान खाली घातली. "पाण्याला नाही म्हणता येतं गं. गाडीला कसं म्हणू? मला वाटलं, एवढं तर कळेल." खिडकीत बाळ काचेवर थापट्या मारत होतं. तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "यातच बसणार होता तो."

तिने नळ बंद केला. ओढणीने त्यांची बोटं एकेक करून टिपली. "मला शिकवा," ती म्हणाली.

"आता?"

"आता."

गाडीपाशी येऊन त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि उलटा केला. "तळवा नाही. ही बाजू. टेकवायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. माझ्यासारखा शहाणपणा करायचा नाही." त्यांनी डोळे मिटले. "सांग."

"मागचं उजवं, कोमट."

"हं."

"मागचं डावंही तेवढंच. पुढचं उजवं थोडं जास्त, पण हात राहतो."

"पुढचं जास्तच असतं. आणि हे?"

"इथे हात नेववत नाही, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर गॅरेजातली जुनी घाई आली. "कॅलिपरची पिन सुकली असणार, म्हणून ब्रेक सुटत नाहीये. निवू दे जरा, मग काढ चाक."

"मी?"

"मग कोण? आई?" म्हणत ते पान्यांची पेटी घेऊन आले, आणि तिच्या डाव्या हाताला, मदतनिसाच्या जागी, उकिडवे बसले.