जिभेचे स्वातंत्र्य

पावातील मिठावर मर्यादा घालणारा कायदा ज्या सकाळी अमलात आला, त्या सकाळी बेकरीच्या गल्ल्यावर आसनस्थ असलेल्या सासरेबुवांचा पारा विलक्षण चढला होता. "माझी जीभ, माझं मीठ! सरकार कोण लागून गेलंय?" असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवीत होते आणि पुराव्यादाखल आपल्याच भट्टीतील पाव सर्वांदेखत चवीने खात होते. "हा खरा पाव! याला हात लावून दाखवा म्हणावं."

आत पीठ मळणारी सूनबाई मात्र मान वर करीत नव्हती.

इतक्यात अन्ननिरीक्षक आले. त्यांनी पावाचा एक तुकडा सोबतच्या यंत्रावर तपासला, विश्वास न बसून पुन्हा तपासला आणि म्हणाले, "आजोबा, उगीच कशाला चिडताय? कायद्याने जेवढं मीठ चालतं, त्याच्या निम्मंसुद्धा यात नाही!"

सासरेबुवांनी सावकाश मान वळवून भट्टीकडे पाहिले.

"तुमचं हृदयाचं दुखणं निघालं ना, मामंजी, तेव्हापासून," सूनबाई पुटपुटली, "चिमूट चिमूट कमी करत आणलं. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

गिऱ्हाइके ओठ दाबून हसू आवरू लागली. सासरेबुवांनी उरलेला पाव खाली ठेवला, घसा खाकरला आणि धीरगंभीर स्वरात आज्ञा केली,



"सूनबाई, उद्यापासून या बेकरीत सरकारचा कायदा तंतोतंत पाळायचा. मीठ एक कणही कमी पडता कामा नये!"