मुठीचं माप

रिव्हॉल्व्हरच्या लाकडी मुठी बनवणाऱ्या डेलच्या दुकानात विल्मर पुन्हा आला आणि त्याने सुजलेलं मधलं बोट काउंटरवर ठेवलं.

"मूठ अजून बसत नाही रे. गोळी सुटली की धक्क्याने चापाभोवतीची कडी इथंच आदळते."

"हात आहे की अस्वलाचा पंजा?" डेल करवादला. "तासून तासून लाकूड संपायला आलं. आण इकडे."

त्याने विल्मरचा हात आपल्या हातात घेतला, तळवा उलगडला आणि एकेक बोट चाचपून माप घेतलं. माप घेऊन झालं तरी विल्मरने हात लगेच मागे घेतला नाही.

"हं, घे. आता दुखलं तर नाव बदलेन माझं," मूठ घासून परत देत डेल म्हणाला.

गावाबाहेरच्या माळावर विल्मरने गोळ्या झाडल्या. प्रत्येक धक्क्याला मूठ तळहातात अलगद फिरली, कुठे काही लागलं नाही. शेवटची गोळी उरली, तेव्हा त्याने मधलं बोट वर सरकवून कडीला घट्ट टेकवलं आणि चाप ओढला.



बायको गेल्यापासून त्याचा हात हातात घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.