वारंवार मागितलेला आवाज

बसस्थानकावरच्या घोषणा त्याच्या बायकोच्या आवाजात व्हायच्या. ती गेल्यावर नवा आवाज आला आणि जुन्या फायली त्यानेच डिस्कवरून पुसल्या. घोषणांचा कॉम्प्युटर सांभाळणं हे त्याचंच काम होतं. पुसताना त्याला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही.

हल्ली घोषणा रेंगाळायला लागल्या. बस निघून जायची आणि मग तिचा नंबर पुकारला जायचा.

"जरा बघ बाबा," कंट्रोलर म्हणाले, "लोक माझ्या अंगावर येतात."

जे पुन्हा पुन्हा मागितलं जातं, ते कॉम्प्युटर मेमरीत हाताशी ठेवतो, म्हणजे दर वेळी डिस्क धुंडाळावी लागत नाही. त्याने पाहिलं, तर जवळजवळ सगळी मेमरी एकाच फाईलने अडवली होती. ती जुन्या आवाजातली होती. डिस्कवर मात्र तिचा मागमूस नव्हता.

त्याने मेमरी रिकामी केली. चहाचा एक घोट घेईपर्यंत फाईल परत आली. ती कुठून मागितली जातेय, हे त्याने शोधलं. मागणी त्याच्याच टेबलावरून येत होती.

"कोण मागतंय?" कंट्रोलरनी विचारलं.

"कुणीच नाही," तो म्हणाला आणि त्याने हेडफोन लावला.

घोषणेच्या त्याच स्वच्छ, सावकाश सुरात ती म्हणाली, "अहो, किती वेळा बोलावता? दमले मी आता."

त्याने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. पडद्यावर मागण्यांचा आकडा वाढतच राहिला.