पाचवा टप्पा

"पाचवा टप्पा पानगळीतच चालायचा, बाळ. तेव्हाच तो खरा." बुटांच्या नाड्या आवळता आवळता बाबा म्हणाले होते. तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता बाबा नव्हते, पण तो आवाज कानात तसाच होता.

तेच बूट काकांच्या दुकानात फळीवर उताणे पडले होते. दोन मोजे चढवले की तिला नेमके बसत. काका म्हणजे बाबांचे जिवाभावाचे मित्र. डोंगर चालणाऱ्यांचे बूट चाळीस वर्षं तेच दुरुस्त करत आले होते.

"कुठल्या ऋतूचा सोल लावू?" त्यांनी विचारलं. "उन्हाळ्याला पातळ. पानगळीला खोल खाचांचा, ओल्या पानांवर धरणारा. एकदा चिकटवला की रडायचं नाही."

तिने बाबांची वही उघडली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आणि वहीही घड्याळासारखीच चोख होती. डोंगरमाथ्यावरची ती लांबलचक वाट सात टप्प्यांची. पहिले चार टप्पे एकेकदा चाललेले. पाचवा नऊ वेळा, दर पानगळीत एकदा. सहावा आणि सातवा कोरे.

"उद्या रजेचा अर्ज द्यायचाय, काका. सगळे म्हणतात, पाचव्याला उन्हाळाच बरा. बर्फ वितळून झरे वाहते, फुलं फुललेली, मुक्कामाची खोली उघडी. पानगळीत तिथं आहे काय? गारठा आणि चिखल!"

"तुझ्या बापाला घाम सोसायचा नाही. डोंगरातसुद्धा नवरदेवासारखा चालायचा तो."

"थट्टा नको. बाबा दुर्बीण कशाला न्यायचे?"

"पक्षी बघायला."

"पानगळीत? पक्षी तर तोवर उडून गेलेले असतात."

काका सोल्यूशनच्या डब्याचं झाकण उगाच उघडबंद करत राहिले.

तिने बोट फिरवत तारखा वाचल्या. "आई घर सोडून गेली, त्याच्या दुसऱ्याच वर्षापासून. मला तुमच्याकडे ठेवून जायचे. परत आले की दोन दिवस गप्प. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हाच थांबले." तिने वही मिटली. "पुढची चढण झेपणार नाही, असं वाटलं असेल त्यांना. राहिलेली वाट मी पुरी करते. उन्हाळ्याचाच सोल लावा."

काकांनी पातळ सोल उचलला. बुटाला लावून पाहिला. ब्रश डब्यात बुडवला, वर काढला, आणि ब्रशावरचा थेंब फळीवर पडून वाळेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग पातळ सोल बाजूला ठेवला आणि मागच्या कप्प्यातून खोल खाचांचा काढला.

"पाचव्या टप्प्यावर एक वळण आहे. उन्हाळ्यात तिथून खाली नुसती हिरवी भिंत दिसते," ते म्हणाले. "पानं झडली की एक अंगण दिसतं. तुझ्या आईचं."

तिच्या हातातली वही मांडीवर घसरली.

"बोलणार नाही, असा शब्द दिला होता त्याला. गेल्या पानगळीत मीच जाऊन आलो. दोरीवर कपडे वाळत होते. ती अंगण झाडत होती, केस पांढरे झालेत आता."

त्यांनी सोल्यूशन फासून सोल बुटावर ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी घट्ट दाबून धरला.

"हा उतारावर चांगला धरतो, पोरी. तो नऊ वेळा वरूनच माघारी आला. तू खाली उतर."