तिकडचं वर्ष

"वयनी, मग काय सांगू मुरबाडच्यांना?"

काळूरामने पुन्हा विचारलं आणि सकुबाईने पुन्हा सुपातलं भात वाऱ्यावर सोडलं. सगळा भुसा दिराच्या तोंडावर गेला. त्याने पंचाने तोंड पुसलं, पण खळ्यावरून हलला नाही. संध्याकाळच्या एसटीने तो शेणव्याहून मुरबाडला निघणार होता आणि पुतणीच्या स्थळाला हो की नाही, ते त्याला आज सांगणं भाग होतं.

स्थळ काही वाईट नव्हतं. मुलगा कंपनीत पर्मनंट, दारात विहीर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. अडचण वेगळीच होती. रेश्माचा बाप, जयराम, गेल्या माघात गेला. घरातला कर्ता गेला की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबायचं, ही रीत. माघ तर तोंडावर आलेला. आणि रेश्मा शहापूरला बारावीत. तिला पुढे आणखी तीन वर्षं शिकायचं होतं. सकुबाईला सकाळी वाटायचं, उरकून टाकावं, आपल्यामागे पोरीला कोण आहे? संध्याकाळी पोर पुस्तक घेऊन बसली की वाटायचं, शिकू दे. असं करता करता आठ दिवसांत तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

तेवढ्यात रेश्मा कॉलेजातून आली. काकाला खळ्यावर बघताच ती काय ते समजली. लग्नाचं काकासमोर बोलायची तिची छाती नव्हती. पिशवी पेंढ्यावर टाकून तिने झाडू उचलला आणि गुपचूप राशीच्या कडेचा भुसा लोटायला लागली.

"आज काय शिकवलं गो?" सकुबाईने विचारलं. विषय बदलायला तिला दुसरं काही सुचलं नाही.

"शिकवलं नाय. सरांनी पेपर वाचून दाखवला. आपल्या सूर्यासारखाच दुसरा एक सूर्य हाय, लय लांब. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, आपली पृथ्वी फिरते तसा. आता सापडला."

"कोणी बघितला?" काळूरामने विचारलं.

"दिसत नाय, काका. तो फिरतो तसा त्याचा सूर्य जरा जरा हलतो. त्याच्यावरून वळखलं."

"घ्या. आमी एका पोराला बघायला मुरबाडला चार हेलपाटे मारले, आन ह्यांनी न बघताच ठरवलं."

सकुबाईने हात थांबवून वर पाहिलं. तिच्या माहितीचा सूर्य डोंगरावर होता तिथेच होता. दुसरा कुठे ठेवायचा, ते तिला उमगेना.

"मग तिकडं भात कवा लावतात?"

"भात नाय, आये. तिकडं लय गरम. तो ग्रह सूर्याला चिकटूनच फिरतो. सव्वाचार दिवसांत एक फेरा. म्हंजे तिकडचं वर्ष चार दिवसांचं."

काळूराम हसला. मग त्याच्या डोक्यात ते हळूहळू शिरलं. "म्हंजे सोमवारी दिवाळी झाली की शुक्रवारी पुन्हा दिवाळी?"

"हो."

"आन मी किती वर्षांचा?"

रेश्माने मनात हिशेब केला. "चार हजार. थोडं इकडंतिकडं."

काळूरामने मिशीवरून हात फिरवला. खूश व्हावं की घाबरावं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

सकुबाई मात्र हसली नाही. चार दिवसांतला एक दिवस पाऊस धरला, एक दिवस थंडी, तर लावणी कधी नि झोडणी कधी? पोरगी म्हणते तिकडे भात नाही, पण माणूस काहीतरी खातच असेल की. आणि माणूस असेल तर मरतही असेल.

"यातलं खरं वर्ष कुठलं गो? आपलं का तिकडचं?"

"दोनी खरी, आये."

या उत्तराने ती जास्तच गोंधळली. ज्या वर्षाच्या धाकाने तिला आठ दिवस घास गोड लागला नव्हता, ते दुसरीकडे चार दिवसांत संपत होतं, आणि तेही खरंच होतं.

"मग तिकडची तीन वर्षं म्हंजे किती?"

रेश्माचा झाडू थांबला. ती आईकडे बघत राहिली. "बारा दिवस. थोडे वर."

काळूराम उठला आणि चपला झटकून पायात घातल्या. "वयनी, यष्टीचा टाइम झाला. काय सांगू?"

"सांगा, तीन वर्षं थांबावं लागंल."

"तीन वर्षं कोन थांबतो, वयनी?" त्याच्या आवाजात राग नव्हता. भावाच्या पोरीचं वय निघून जाईल, ही त्याला खरीच काळजी होती. "येवढा काळ कसा निघायचा? तुमी तरी कशा काढाल, एकट्या?"

सकुबाईने सूप खाली ठेवलं.

"भावजी, कुठलं वर्ष खरं, ते मला काय समजलं नाय. पन बारा दिवस मला ठावं हायेत. तुमचे भाऊ गेले तवा कोपऱ्यात बसून काढले ना मी. एकेक दिवस वर्षायेवढा होता. तरी निघाले."