जांभईवरची चुटकी

वाढवणच्या खडकांतून देवजीने एक कोळंबी आणली. एक नांगी काडीसारखी, दुसरी अंगठ्याएवढी फुगलेली, डोळे कवचाच्या टोपीखाली. कॉलेजातली कल्पिता त्याच्या ओटीवर बसून, भिंगातून बशीतल्या कोळंबीची जात शोधत होती.

"नवी जात निघाली तर तुमचंच नाव देईन, काका. पण आज खोड्या बंद."

बोलता बोलता तिला जांभई आली. लगेच चुटकी वाजली, तोंडातून काही आत शिरू नये म्हणून म्हातारी माणसं वाजवतात तशी.

"काका, नाव कापीन हां."

"अगं, माझे हात बघ ना," देवजी म्हणाला. दोन्ही हात जाळं शिवण्यात अडकलेले.

त्याच्या बायकोने, निलमने, मुद्दाम जांभई दिली. बशीतल्या कोळंबीने मोठी नांगी मिटून चुटकी वाजवली. देवजी जाम खूश.

कल्पिताने कोळंबी स्पिरिटमध्ये बुडवली. मेल्यावर मोठी नांगी कापून, चित्र काढायला कागदावर ठेवली. देवजीने लांबलचक जांभई दिली. नांगी वाजली.

मग गंमत म्हणून तिघं तोंडं घट्ट मिटून बसली.

नांगीचं बोट हळूहळू उघडलं आणि चुटकी वाजली.

"काका, आता जांभई कोणी दिली?"

देवजीची पाठ भिंतीला टेकलेली होती, आणि मानेवर मागून कुणाची तरी लांब, उबदार जांभई येत होती.