घमघमाट

घड्याळजींच्या बायकोने वडी तव्यावर टाकली आणि लगेच हातरुमाल नाकावर दाबला.

वडी आंबवून वाळवलेल्या कोळंबीची होती, साबणाच्या तुकड्याएवढी, काळपट. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई मूळच्या मलेशियाच्या. माहेरून आलेली ती वडी त्यांनी मोठ्या मनाने दिली होती आणि वर बजावलं होतं, "भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि शेजाऱ्यांची आधीच माफी मागा. पण ही भाजल्याशिवाय लाक्सा होत नाही हं." लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधाचा झणझणीत रस्सा आणि त्यात बुडालेल्या नूडल्स.

वास असा उठला की विचारू नका. मासळीच्या टोपलीत कोणी ओले मोजे विसरून गेलं असावं, तसा. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या.

घड्याळजी टेबलाशी बसून कोळंबी सोलत होते. उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे कोळंबीच्या पाठीतला काळा दोरासुद्धा ते चिमट्याने काढत. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"वा! काय घमघमाट सुटलाय!"

बायकोचा उलथनं धरलेला हात तसाच थांबला.

हिवाळ्यातला ताप जाताना घड्याळजींचा वास आणि चव, दोन्ही घेऊन गेला होता. तेव्हा बायकोने स्वयंपाकच सोडला. कळतच नाही तर कशाला मरमर करू, असं तोंडाने म्हणायची. खरं म्हणजे त्यांचं ते मुकाट्याने गिळणं तिला बघवत नव्हतं. पाव आणि उकडलेली अंडी यावर दोघांचे दिवस चालले होते. मग एका सकाळी घड्याळजी चहाचा घोट घेऊन ओरडले, "अगं, वेलदोडा लागला!" त्या दिवसापासून घरात पुन्हा कढया चढायला लागल्या.

"कसला वास येतोय तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"कसला म्हणजे? नारळाच्या दुधाचा. आणि तो तुझा गवती चहा."

नारळाच्या दुधाचा डबा अजून फडताळात होता. गवती चहा ओट्यावर न चिरलेला पडला होता.

"खिडकी लावू का गं?" घड्याळजी म्हणाले. "बाहेर वारा सुटलेला दिसतोय. सगळे लावतायत."

तिला हसू फुटलं. तिने गॅस बारीक केला.

"वारा नाही सुटलेला. या वडीचा वास सुटलाय. घर सोडून पळावं असा. मांजर केव्हाच जिन्यात जाऊन बसलंय."

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला.

"केव्हापासून थापा मारताय?" बायकोने विचारलं.

"त्या वेलदोड्यापासून."

"का पण?"

"तू गॅस पेटवावास म्हणून. चव गेली ते मी चालवून घेतलं असतं. पण तू झाकणं आपटेनाशी झालीस, भाजीवाल्याला नावं ठेवेनाशी झालीस. घरात कोणी नाहीच असं वाटायचं गं."

तिला राग आला होता आणि माया पण आली होती, आणि दोन्ही एकदम आल्यावर ती नेहमी करायची तेच तिने केलं: कामाला लागली. फक्त भिजत घातलेल्या सुक्या मिरच्यांत आणखी एक मूठ मिरच्या टाकल्या. नर्सबाईंनी सांगितल्याच्या दुप्पट झाल्या. वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, दूध ओतलं, कोळंबी सोडली, वरून लिंबू पिळलं. झाकणं मात्र दणादण आपटली.

लालभडक वाडगा समोर आला. घड्याळजींनी पहिला घास घेतला. "छान झालंय."

"पुन्हा?"

"बरं. काही नाही लागत. गरम आहे, मऊ आहे, बस."

दुसरा घास. मग तिसरा. आणि ते मध्येच थबकले. कान लाल झाले. कपाळावर घाम फुटला, नाक वाहायला लागलं. त्यांनी टेबल घट्ट धरलं.

"अगं!"

"काय झालं?"

"जीभ पेटली!" त्यांना ठसका लागला, तरी चेहरा नुसता फुलला होता. "टोचतंय! अगं, लागतंय मला काहीतरी!"

ती धावत पाणी घेऊन आली. त्यांनी पेला बाजूला सारला. "नको. राहू दे जरा."

तिखट तिला जन्मात सोसलं नव्हतं. तरी तिने आपला वाडगा ओढला आणि त्यांच्या शेजारी बसली. पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांतून धार लागली.

"आता तू सांग," घड्याळजी म्हणाले. "काय काय लागतंय?"

ती गडबडली. इतकी वर्षं कसं झालंय हे तिने विचारायचं आणि त्यांनी सांगायचं. ती डोळे पुसत सावकाश बोलायला लागली.

"आधी नारळ. गोडसर. मग लिंबू येतंय, कडेकडेने. आणि मागून ती मेली वडी. पण आता घाण नाही वाटत हो. खारट, अशी भरभरून लागतेय."

"कोळंबी?"

"गोड आहे. जराशी जास्त शिजली."

"आणि तिखट?"

"ते तुम्ही सांगा."

घड्याळजींनी उरलेला रस्सा ओरपून संपवला. त्यांनी बाहीने नाक पुसलं आणि रिकामा वाडगा तिच्यापुढे धरला.